दाबलेल्या फुलांची शुभेच्छापत्रं: फूल तपकिरी का पडतं आणि कागद का वाकतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुंडीतली फुलं जाड पुस्तकात आठवडाभर दाबली, पांढऱ्या डिंकाने कार्डावर चिकटवली. महिन्याभरात गुलाबी फुलं मातकट झाली, पांढरी जवळजवळ दिसेनाशी झाली, कार्ड होडीसारखं वाकलं आणि पाकिटातून काढताना दोन-तीन पाकळ्या तुटून खाली पडल्या. कुठे चुकलं? आणि पुढच्या महिन्यात पंचवीस कार्डं द्यायची आहेत, ती कशी करायची?

मी गेली १८ वर्षं हेच काम करते आहे, आणि या चारही गोष्टी माझ्या हातूनही झालेल्या आहेत. यातल्या तिघींचं मूळ एकच आहे: पाणी. फुलात राहिलेलं पाणी रंग घालवतं, डिंकातलं पाणी कागद वाकवतं, आणि वाकलेल्या कागदावरची कोरडी पाकळी वाकू शकत नाही म्हणून ती सुटून तुटते. चौथी तक्रार, पांढरी फुलं दिसेनाशी होण्याची, ती मात्र हवेची आहे. तिच्याकडे पुढे येते.

आधी तपकिरी रंगाचं बघू. तोडलेलं फूल लगेच मरत नाही. पुस्तकात दाबल्यावरही त्याच्या पेशी बराच वेळ जिवंत असतात. दाबाने त्यातल्या काही फुटतात, आतली फिनॉल जातीची द्रव्यं आणि त्यांच्यावर काम करणारं विकर (एन्झाइम) एकमेकांना भेटतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि तपकिरी रंग तयार होतो. चिरून ठेवलेल्या सफरचंदावर जे होतं तेच. हे सगळं घडायला पाणी लागतं. पाकळी कोरडी झाली की विकराचं काम थांबतं. म्हणजे तुमची शर्यत त्या विकराशी आहे आणि ती पहिल्या दोन दिवसांत जिंकावी किंवा हरावी लागते. फूल पुस्तकात आठवडाभर होतं की महिनाभर, याने फारसा फरक पडत नाही. पहिल्या ४८ तासांत त्यातलं किती पाणी बाहेर पडलं, यावर सगळं ठरतं.

पुस्तक इथेच कमी पडतं. पुस्तकाचा कागद ओल शोषतो खरा, पण ती ओल जाणार कुठे? शेजारच्या पानात, आणि तिथून परत फुलात. त्यात पान गुळगुळीत असेल तर तेवढंही शोषलं जात नाही. म्हणून माझी रचना अशी असते: खाली लाकडी फळी, त्यावर नालीदार पुठ्ठा, त्यावर टीपकागदाचे दोन ताव, मग पातळ साधा कागद, त्यावर फुलं, पुन्हा पातळ कागद, टीपकागद, पुठ्ठा. असे थर चढवत जायचं आणि वर दुसरी फळी ठेवून पट्ट्याने किंवा चार बोल्टांनी आवळायचं. नालीदार पुठ्ठा मुद्दाम वापरायचा. त्याच्या नळ्यांमधून हवा खेळते आणि टीपकागदाने ओढलेली ओल बाहेर जायला वाट मिळते. प्रेस हवेशीर जागी ठेवायचा, कपाटात नाही. पुठ्ठ्याच्या नळ्यांची तोंडं पंख्याकडे असतील तर काम आणखी लवकर होतं.

टीपकागद पहिल्या दिवशी दोनदा, नंतरचे तीन-चार दिवस रोज एकदा बदला. बदलताना फुलाला हात लावू नका. फूल दोन पातळ कागदांमध्ये जसं आहे तसं उचलायचं आणि नव्या टीपकागदावर ठेवायचं. दुसऱ्या दिवशी पाकळी ओल्या रुमालासारखी लिबलिबीत असते. ती उचकटून बघायचा मोह झाला की ती फाटते किंवा दुमडते, आणि ती घडी मग कायमची. काढलेले टीपकागद उन्हात किंवा इस्त्रीखाली वाळवून पुन्हा वापरता येतात. एक सूचना नक्की पाळा: ज्या टिश्यूवर ठिपक्यांची नक्षी असते तो फुलाला लावू नका. ती नक्षी पाकळीवर हुबेहूब उमटते आणि पुढे काही केल्या जात नाही. छापील वर्तमानपत्रही थेट फुलाला लागता कामा नये.

फूल वाळलं हे कसं ओळखायचं? गालाला लावून. गाल बोटापेक्षा जास्त अचूक सांगतो. पातळ कागदासकट फूल गालाला टेकवा. गार लागलं तर त्यातून अजून पाणी उडतं आहे, परत प्रेसमध्ये. खोलीइतकंच लागलं तर झालं. दुसरी खूण म्हणजे देठाच्या टोकाला चिमट्याने धरून फूल आडवं धरायचं. पाकळ्या खाली मान टाकत असतील तर ते कच्चं आहे. पातळ फुलं आठवड्याभरात होतात, मधे जाड डोळा असलेली दोन ते चार आठवडे घेतात. तुमच्या पहिल्या कार्डांवरची फुलं वरून कोरडी आणि मध्यात ओली असणार, असा माझा अंदाज आहे. मातकटपणा मध्यातून कडेकडे पसरला असेल तर तीच खूण.

घाई असेल तर मायक्रोवेव्ह चांगला चालतो, आणि काही फुलांचा रंग त्यात जास्त चांगला राहतो, कारण उष्णतेने ते विकरच निकामी होतं. दोन साध्या फरश्या, त्यांत टीपकागद आणि फुलं, वरून कापडी पट्टी किंवा जाड रबर. धातूचं काहीही नको. कमी शक्तीवर आधी ३० सेकंद, मग उघडून वाफ जाऊ द्यायची, पूर्ण थंड होऊ द्यायचं, मग १०-१५ सेकंदांचे हप्ते. सलग दोन मिनिटं लावलं तर पाकळी भाजून तिचा पापुद्रा होतो, आणि कागद पेट घेण्याचाही धोका आहे. समोरून हलू नका. इस्त्री वापरायची तर वाफ बंद, उष्णता कमी, वर कागद, आणि सरकवायची नाही; दहा सेकंद टेकवायची, उचलायची, थंड होऊ द्यायचं. दोन्ही पद्धतींनंतर फुलं एक-दोन दिवस प्रेसमध्ये राहू द्या.

आता फुलांची निवड, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण अर्धं काम झाडापाशीच होतं.

दंव वाळलं की तोडा, सकाळी उशिरा. पूर्ण उमललेलं पण त्याच दिवशी उमललेलं फूल घ्या. परागीभवन झालेलं फूल दिसायला चांगलं असलं तरी दाबताना पाकळ्या गाळतं. पावसाने भिजलेली फुलं घ्यावीच लागली तर देठ पाण्यात ठेवून पाकळ्या आधी सुकू द्या. तोडलं की लगेच दाबा. टोपलीत तासभर पडलेल्या फुलाच्या पाकळ्यांच्या कडा वळतात आणि मग त्या सरळ करता करता तुटतात.

रंगांचं गणित ज्याच्या त्याच्या रंगद्रव्यावर आहे. पिवळा आणि नारिंगी बहुतेक वेळा कॅरोटिनॉइडचा असतो आणि तो चांगला टिकतो. झेंडूची सुटी पाकळी, पिवळा कॉसमॉस यांनी मला फारसं कधी फसवलेलं नाही. लाल, गुलाबी, जांभळा आणि निळा बहुधा अँथोसायनिनचा. हे द्रव्य आम्लता बदलली की रंग बदलतं. त्यामुळे लाल जास्वंद जांभळट होते, लाल गुलाब जवळजवळ काळा पडतो आणि गुलाबी फूल मोतिया जांभळ्याकडे झुकतं. याला इलाज एकच, मुळात एक छटा फिकट फूल घ्या. गडद लाल गुलाबाऐवजी पीच रंगाचा दाबा, तो सुंदर उतरतो. निळ्यात लार्कस्परसारखं विश्वासाचं फूल नाही. पॅन्सी, व्हायोला आणि व्हर्बिना या तिघी तर दाबण्यासाठीच जन्माला आल्यासारख्या आहेत: पातळ, चपट्या, स्पष्ट रंगाच्या.

बोगनवेलीबद्दल वेगळं सांगते, कारण सुरुवात करणाऱ्याने तिच्यापासूनच करावी असं माझं ठाम मत आहे. तिचा रंगीत भाग पाकळी नसतोच. ती पानाची रूपं आहेत, खरं फूल म्हणजे मधली छोटी पांढरट नळी. ती रंगीत पानं आधीच कागदासारखी असतात, त्यांत पाणी कमी, आणि त्यांचा रंग बीटालेन या वेगळ्याच द्रव्याचा. ती चार दिवसांत वाळतात आणि शिरांची जाळी इतकी स्पष्ट दिसते की कार्डावर एकच पुरते.

पांढऱ्या फुलांची गोष्ट अशी. पांढऱ्या पाकळीत सहसा पांढरं रंगद्रव्य नसतं. पेशींच्या मधल्या हवेच्या पोकळ्यांवर उजेड विखुरतो म्हणून ती पांढरी दिसते. दाबली की ती हवा निघून जाते आणि पाकळी काचेसारखी पारदर्शक होते. पांढऱ्या कार्डावर ती हरवणारच. मी दोन गोष्टी करते. एक तर मातकट किंवा राखाडी कागद वापरते. नाहीतर पाकळीच्या मागे तिच्याच आकाराचा, तिच्यापेक्षा केसभर लहान पांढऱ्या पातळ कागदाचा तुकडा लावते. समोरून तो दिसत नाही आणि पाकळीला अंग येतं. मोगरा, जाई, अनंत यांच्या वाटेला जाऊ नका. नुसत्या स्पर्शानेही ती डागाळतात.

हिरवी पानं ऑलिव्ह रंगाकडे जातात, कारण हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं. नेच्याची पानं मात्र हिरवेपणा बऱ्यापैकी धरून ठेवतात. गाजर, बडीशेप, कोथिंबीर या कुळातले छत्रीसारखे फुलोरे सोडू नका. एक छत्री सुटी केली की त्यातून पाच-सहा नाजूक तुरे निघतात. पोर्तुलाकासारखी रसाळ फुलं माझ्याकडे नेहमी वितळल्यासारखी झाली आहेत. कण्हेर आणि धोतरा विषारी आहेत. तुमचं कार्ड कुणा लहान मुलाच्या हातात जाणार असेल तर ती फुलं घेऊच नका. आणि रानातलं जे फूल एकाच जागी दोन-चारच दिसतं, ते तिथेच राहू द्या.

जाड फूल अख्खं दाबायचा हट्ट नको. गुलाब, शेवंती यांच्या पाकळ्या सुट्या करून दाबायच्या आणि कार्डावर पुन्हा रचायच्या. देठ जाड असेल तर धारदार पात्याने उभा चिरून अर्धाच घ्यायचा. फुलाच्या मागचा हिरवा फुगीर भाग कातरून टाकायचा. तो जाडसर राहिला तर त्याच्या भोवतीच्या पाकळ्यांवर दाबच पडत नाही, आणि त्या सुरकुततात.

वाळलेली फुलं साठवताना जातवार वेगळ्या कागदी पाकिटांत ठेवा, वर नाव आणि तारीख लिहा, आणि सगळी पाकिटं हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. दमट दिवसांत वाळलेलं फूल पुन्हा ओल ओढून घेतं, हे बरेच जण विसरतात. किड्यांची भीती असेल तर फुलं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, वनस्पतिसंग्रहालयांतही हीच रीत आहे. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर गार फुलांवर दव धरतं. कोरडं आणि अंधारात ठेवलं तर फूल किती टिकतं? अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन हिने शाळकरी वयात दाबून चिकटवलेले ४२४ नमुने हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आजही आहेत. रंग उडाले आहेत, पण आकार आहेत.

आता कागद. २०० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन इतके ग्रॅम), आम्लरहित. कागदाला धागा असतो, म्हणजे तंतूंची दिशा. ओल लागली की कागद धाग्याच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो. ताव दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा. ज्या दिशेने सहज वाकतो, त्या घडीला समांतर धागा आहे. कार्डाची घडी नेहमी धाग्याला समांतर घ्या, म्हणजे ती फुटणार नाही. ए५ ताव अर्धा मोडला की ए६ कार्ड होतं, १०५ बाय १४८ मिलिमीटर, आणि ते सी६ पाकिटात नीट बसतं. घडीच्या रेषेवर पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून खाच पाडा आणि खाच बाहेरच्या अंगाला राहील अशी घडी घाला.

मजकूर आधी लिहा किंवा छापा, फूल नंतर. हे मी महागात शिकले. एकदा साठ कार्डांवर फुलं लावून झाल्यावर आत नावं लिहायला बसले आणि हाताच्या दाबाने समोरच्या अकरा फुलांना तडे गेले.

चिकटवण्याचं काम सावकाश सांगते, कारण तुमची कार्डं इथेच वाकली. आधी सगळी मांडणी डिंकाशिवाय करा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग एक फूल उचला. बोटाने नाही, मऊ ओलसर ब्रशच्या टोकाने किंवा चपट्या तोंडाच्या चिमट्याने देठाशी धरून. गुळगुळीत प्लास्टिकवर पालथं ठेवा. पीव्हीएचा (फेव्हिकॉलसारखा) पांढरा डिंक थेंबभर बशीत घ्या, त्यात पाणी घालू नका. टूथपिकचं टोक त्यात बुडवा आणि बशीच्या कडेला पुसून घ्या. टोकावर जे उरतं तेवढंच पुरतं. फुलाच्या मध्यावर एक ठिपका, प्रत्येक पाकळीच्या टोकाच्या जरा आत मोहरीएवढाही नाही असा एक, देठाला दोन-तीन. डिंक फुलाला लावायचा, कार्डाला नाही. मग उलटं करून जागेवर टेकवायचं आणि सरकवायचं नाही. वर न चिकटणारा बटर पेपर ठेवून टिश्यूची घडी आणि त्यावर पुस्तक, किमान चार तास. डिंक पाकळीच्या बाहेर आला तर पुसू नका. सुकू द्या, नंतर तो फारसा दिसत नाही, पुसलेला डाग मात्र दिसतो.

तुमच्या कार्डांत पाकळ्यांची टोकं मोकळी राहिली असणार. पाकिटाची कड त्याच टोकांत अडकते. म्हणून टोकाजवळचा तो ठिपका आवश्यक आहे. फूल कार्डाच्या कडेपासून एक सेंटिमीटर आत असू द्या, आणि घडीवरून काहीही नेऊ नका. सेलोटेप आणि रबराचे डिंक वापरू नका, ते कालांतराने पिवळे पडतात.

मांडणीबद्दल एकच आग्रह धरते. फुलाला त्याच झाडाचं पान द्या, आणि देठ जसा उगवला होता तसाच वळू द्या. कॉसमॉसच्या फुलाखाली गुलाबाचं पान लावलं की बघणाऱ्याला काय खटकतं ते सांगता येत नाही, पण खटकतं. नवशिके कार्ड भरून टाकतात. एक देठ, एक कळी, एक फूल आणि बाकी मोकळा कागद: माझ्याकडची सर्वात जास्त मागणी असलेली कार्डं अशीच आहेत.

वरून संरक्षण द्यायचं का? गरम लॅमिनेशनने फूल शंभर टक्के कोरडं नसेल तर आत वाफेचे फुगे येतात आणि ते शिजल्यासारखं होतं. शिवाय कागदाचा स्पर्श जातो. अतिपातळ जपानी कागद पातळ डिंकाने फुलावर बसवला तर तो सुकल्यावर जवळजवळ दिसत नाही आणि फूल पक्कं धरतो. लहान मुलांना द्यायच्या कार्डांवर मी हे करते. बाकी कार्डांवर फूल उघडं ठेवते आणि पाकिटात त्यावर ट्रेसिंग पेपरचा कार्डाएवढा तुकडा घालते. फ्रेम करून उन्हात टांगलेलं कार्ड कोणत्याही लेपाने वाचत नाही, हे ज्याला द्याल त्याला सांगा.

टपालाने पाठवायचं तर पाकिटात कार्डाएवढा ताठ पुठ्ठा घाला. परदेशी पाठवण्याआधी त्या देशाचे वनस्पतींबाबतचे नियम बघून घ्या, आणि बिया धरलेलं फूल तर अजिबात नको.

तुमच्या पंचवीस कार्डांसाठी महिना पुरेसा आहे, फक्त क्रम बदला. या आठवड्यात चाळीस-पन्नास फुलं दाबा, कारण निम्मीच मनासारखी उतरतील. बोगनवेल, व्हर्बिना, पिवळा कॉसमॉस, नेचा एवढंच घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ती वाळतील, तोवर कागद कापून, घड्या घालून, मजकूर लिहून ठेवा. शेवटच्या आठवड्यात रोज पाच-सहा कार्डं चिकटवा, एका बैठकीत पंचवीस नको. हात थकला की डिंक जास्त लागतो. आणि जी कार्डं वाकली आहेत ती फेकू नका. त्यांवरची फुलं निघणार नाहीत, पण कार्डाचा पुढचा भाग फुलाभोवती चौकोनी कापून, मागे दुहेरी चिकटपट्टी लावून नव्या ताठ कार्डावर बसवता येईल. मातकट झालेली गुलाबी फुलं क्रीम रंगाच्या कागदावर जुन्या चित्रासारखी दिसतात. मी माझी पहिली अशी कार्डं याच पद्धतीने वाचवली होती, आणि त्यातलं एक अजून माझ्या कामाच्या टेबलाच्या खणात आहे.